पहिली चाल

गायक सम्यक गेल्याचं कळलं, त्या दिवशी त्याच्या रॉक बँडमधले दोघं क्रांती चौकात वाळूजच्या बसची वाट बघत होते. बायको गेल्यापासून मी संध्याकाळी तिथंच बसतो.

"जलदानविधीला त्याचंच गाणं वाजवा म्हणली त्याची आई."

"वाजवू की."

"पहिली चाल पाहिजे तिला. आपण बदललेली नाय."

"पहिली कुणाला येती यार? निम्मं वाळूज येऊन गेलं ह्या बँडात."

"अभयला येती."

"तो सम्यकचं तोंड बघणार नाय म्हणून बँड सोडून गेला."

"म्हणून कळवायचं नाय व्हय?"

"कर मग फोन."

"तू कर. तू मोठा."

"बँडात तू आधी आला."

बस आली. दोघं चढले. अभयला अजून कुणी कळवलं नव्हतं.