विश्वासार्हता : दहापैकी दोन

— नाही, तो स्टूल नको, त्याचा पाय हलतो. या खुर्चीवर बस. वही काढ. पेन आहे, का तेही मीच देऊ? हां. तर मी म्हणत होते, हे पोस्टर. तोंडावर चिकटपट्टी. दरवर्षी मला अशी तीन तोंडं येतात — मुलीची गोष्ट असली की तोंडाला पट्टी, मुलाची असली की पाठमोरा उभा, आणि काहीच सुचलं नाही की रिकामा झोपाळा. तुम्हाला वाटतं पट्टी लावली की अर्थ आला. नाही येत. पट्टी लावली की नुसती पट्टी येते. लिहून घे. आणि हा कोपरा बघ, वरच्या ओठाजवळ सुटलाय — जवळ ये, मी काही चावत नाही — फोटो काढताना ती हसत होती. जिला बोलता येत नाही म्हणून आम्ही डोळे पुसायचे, ती पट्टीच्या आत खुदखुदतेय. पंधरापैकी पाच. तेही अक्षरं बऱ्या जागी बसवलीस म्हणून.

आणि हे मासिकाचं मुखपृष्ठ. 'वर्षातला सर्वांत धाडसी सिनेमा.' कुठला सिनेमा? अभ्यासक्रमात काय आहे — एक ट्रेलर, एक पोस्टर, एक मुखपृष्ठ. सिनेमा नाहीच. सिनेमा होणारही नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या पट्टीवालीलासुद्धा माहीत आहे, आणि धाडस मात्र छापून तयार. बाजारात तुरी. खाली काय, तर 'दिग्दर्शिकेची खास मुलाखत, पान बारा'. मी पान उलटून बघितलं — खरंच बघितलं गं, सवय — मागं कोरं. बरं, फोटोत तू स्वतः. हनुवटी वर, हाताची घडी. कुणी सांगितलं तुला असं उभं राहायला? भाजीवाल्याशी भांडायला निघाल्यासारखी दिसतेस. वाईट वाटून घेऊ नकोस, मी नाही सांगितलं तर बाहेरचे सांगतील, आणि ते इतक्या प्रेमानं नाही सांगणार.

आता ट्रेलर. एक मिनिट पन्नास सेकंद. आवाज नीट आहे, ते मान्य करते, आवाजाला मी गुण कापत नाही — मी स्वतः अठरा वर्षं निवेदन केलंय, माझ्या आवाजावर लोकांनी घड्याळं लावलीयत, मला आवाजातलं कळतं. पण ट्रेलर म्हणजे काय? शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाखवायचं. तू अख्खं पातेलं उपडं केलंस. एक मुलगी आहे, ती अडखळत बोलते, तिच्या बाई तिला रेकॉर्डिंगच्या खोलीत उभी करतात, तेच तेच वाचायला लावतात, सगळे हसतात, बाई ओरडतात, मुलगी कॉलेज सोडून जाते. झालं की. आता सिनेमाला येऊन लोकांनी काय बघायचं, पडदा?

शेवटी बारीक अक्षरात पाटी टाकलीयस, 'ही कथा काल्पनिक आहे'. बरं. मी मानते. गेल्या वर्षी तुझ्या शेजारी ती बसायची — काय बरं नाव तिचं, जाऊ दे — ती अडखळत बोलायची आणि वर्षाच्या मधेच सोडून गेली, हा योगायोग. ट्रेलरमधल्या बाईंचा चष्मा साखळीला अडकवलेला आहे, तोही योगायोग, अर्ध्या जगाचे चष्मे साखळीला असतात. मला राग नाही आला. मी का रागवू? सगळं चौकशी समितीसमोर झालंय. तीन माणसं बसली होती, चहा पीत, आणि मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं — त्या दिवशी माझी दाढ दुखत होती, मी चारलाच घरी गेले, रजिस्टरमध्ये सही आहे, रेकॉर्डिंग काय झालं ते ऑपरेटरला माहीत, मी तिथं नव्हतेच. ऑपरेटर तोवर निवृत्त होऊन गेला होता, त्याला कोण बोलावतंय. त्यांनी निष्कर्ष काढला, घरगुती कारणानं शिक्षण सोडलं. फाईल बंद. तर आपण वैयक्तिक काही बोलायचं नाही. मी फक्त कामावर बोलणार.

आणि कामाचं सांगायचं तर आत्ता तुझे होतात एकतीस. चाळीसला पास. म्हणजे वर्ष गेलं. अशी बघू नकोस, मी काही हौसेनं करत नाहीये. नियमात दुरुस्तीची सोय आहे, शुक्रवारपर्यंत बदलून आणलंस तर मी परत तपासीन. पण बदलायचं म्हणजे बदलायचं. शनिवारी पाहुण्यांसमोर सगळे ट्रेलर लागणार, प्राचार्य पहिल्या रांगेत, आणि सोमवारी विभागप्रमुखाच्या नेमणुकीच्या पत्रावर त्यांची सही व्हायचीय — माझ्याच, हो, माझ्याच पत्रावर, त्यात लपवायचं काय, अकरा वर्षं थांबलेय मी त्या खुर्चीसाठी — तर त्या दिवशी पडद्यावर कच्चं काम जाऊ नये एवढंच मला वाटतं. विभागाची लाज. तुझीही. कळतंय ना?

तुझा खरा घोळ कुठं आहे सांगू? इथं, या रकान्यात. पात्रांची आणि प्रसंगाची विश्वासार्हता, दहापैकी दोन. का? तर बघ. लाव तो खोलीतला प्रसंग. मागं घे. अजून. थांबव. हा लाल दिवा. दारावर लाल दिवा पेटलाय, तिच्या तोंडावर लाल उजेड, फार छान, फार कलात्मक. तो दिवा दोन वर्षं बंद आहे, बाळ. कुणी बल्ब बदलत नाही. लिहून घे — दिवा नाही. आणि वर पंखा फिरतोय, त्याची सावली भिंतीवर. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा? माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंदच ठेवतात, ही पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. पंखा बंद, खोली बंद, भिंतीला स्पंज. दहा मिनिटांत माणूस घामानं निथळतो. तिचा कागद ओला झाला होता, शाई — म्हणजे होतोच कागद ओला. कुणाचाही होतो. तू हिच्या हातात कोरा करकरीत कागद दिलायस. लिहून घे.

पुढं जाऊ दे. हां, हे हसणं. काचेपलीकडे आठ-दहा पोरं दात काढतायत. आता तिथं हसायला होतं कोण? एक ऑपरेटर, तो डाव्या कानानं बहिरा, हेडफोन गळ्यात टाकून डबा खात बसलेला. कुणी हसलं नाही. मी — म्हणजे त्या खोलीत माणसं मावतात किती, असं म्हणतेय मी. चार. आठ-दहा पोरं तू कुठून आणलीस? आणि हे बघ, पडद्यावर आकडा टाकलायस, 'विसाव्यांदा'. वीस कशाला? वीस म्हटलं की लोकांना वाटतं दिग्दर्शिका फुगवून सांगतेय. अकरा. अकरा हा खरा आकडा वाटतो. मोजल्यासारखा वाटतो. खोडून अकरा कर.

अकरा वेळांनी कुणी मरत नाही. मला माझ्या साहेबांनी एक पान चाळीस वेळा वाचायला लावलं होतं, पहिल्या नोकरीत, सगळ्या ऑफिससमोर, 'श' आणि 'ष' एकसारखे येतात म्हणून. मी रडले का? घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर झाले. त्यालाच शिकवणं म्हणतात. तुमची पिढी काचेची. मी तिला दुकानात बघितलं, सांगितलं का तुला? चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. माझ्या साखळीची कडी निघाली होती, मी गेले, तर काउंटरला ही. मला ओळखलं. ओळखलंच, डोळे खाली गेले ना तिचे. चष्मा घेतला, बारीक स्क्रू बसवला, काच पुसली, दोन्ही बाजूंनी पुसली, आणि कागदावर लिहून दिलं, 'दहा मिनिटं थांबा'. बोलली नाही. एक शब्द नाही. मालक म्हणाला, ही कुणाशीच बोलत नाही हो, लिहूनच देते, पण काम स्वच्छ. मला वाटलं माझ्यासमोर नाटक करतेय. इथं असताना बोलायची की, अडखळत का होईना, कँटीनमध्ये तुम्हा दोघींचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. आता मी दुसरं दुकान धरलंय. लांब पडतं जरा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

पुढं. हा तुझा मुख्य प्रसंग. मुलीला एकही वाक्य वाचता येत नाही, पहिल्या शब्दापासून अडकते. इथं तू ढिली पडलीस. सगळंच अडलं तर त्यात गंमत काय? गंमत यात आहे की दोन पानं ती सरळ वाचते. एकदाही अडत नाही, सुरेख वाचते, ऑपरेटरसुद्धा डबा बाजूला ठेवतो. आणि शेवटच्या ओळीला येते — लेखन आणि दिग्दर्शन, आणि पुढं स्वतःचं नाव. तिथं दार बंद. नाव येत नाही. ओठ नुसते मिटतात, मानेची शीर तटतटते, डोळे वर जातात. पुन्हा पहिल्यापासून. दोन पानं सरळ, आणि नावाशी परत तेच. असं अकरा वेळा. हे तुला सुचलं असतं तर मी उठून उभी राहिले असते. पण त्यासाठी खोलीत असावं लागतं, बाळ, लांबून ऐकून असं लिहिता येत नाही.

आणि बाईंना तू ओरडायला लावलंस. लायब्ररीतल्या त्या बाईंना घेतलंस माझ्या — त्या कामाला, ठीक आहे, वेळ मारून नेलीस, पण काय ते ओरडणं. 'तू आयुष्यात कधीच बोलू शकणार नाहीस.' हाताचा पंजा काचेवर आपटून. नाटकातल्या सासूसारखं. मी तुम्हाला दोन वर्षं घसा फोडून काय शिकवलं? ज्याच्याजवळ खरी ताकद असते तो ओरडत नाही. ओरडलं की समोरच्याला रागवायला जागा मिळते. ती जागा द्यायचीच नाही. लिहिलंस का हे? लिही. बाई ओरडत नाहीत. बाई आत येतात, दार ओढून घेतात, तिला पाण्याचा ग्लास देतात. खांद्यावर हात ठेवतात. तिला वाटतं आता सोडतील. ती जरा हसतेसुद्धा. मग अगदी हळू, माईकलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणायचं — 'स्वतःचं नाव घेता येत नाही ना, मग सिनेमा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करून टाक. काम चांगलं आहे, फुकट जायला नको.'

असं. असं बोलतात. मी एकदाही आवाज चढवला नव्हता.

...

काय झालं? लिहायची का थांबलीस? हे उदाहरण होतं. संवाद कसा असावा त्याचं उदाहरण दिलं मी, शिक्षक देतात उदाहरणं. काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. बदलतेस. हो, बदलायचंच आहे. दिवा काढ, पंखा बंद, कागद ओला, बरोबर. अकरा, बरोबर. हसणारी पोरं काढ. आणि — नाही. नाही, वाक्य राहू दे. तुझं होतं तेच बरं होतं, ओरडणारं. लोकांना ओरडणं कळतं, पाहुणे काही एवढ्या बारकाईनं नाही ऐकत. खरं तर काहीच बदलू नकोस, आहे तसाच दे, मी आत्ताच गुण वाढवते, हे बघ, तुझ्यासमोर पेननं करतेय — विश्वासार्हता, दोनाचे दहा. एकोणचाळीस झाले. पोस्टरला अजून एक. पट्टी काही वाईट नव्हती. चाळीस. झालीस पास. आता ती वही — वही ठेव इथं, मी शेरा लिहून उद्या देते. वही ठेव म्हणतेय ना. अगं, दहापैकी दहा दिलेत मी तुला, कुणालाही देत नाही मी — पिशवी का उचललीस? बस. बस म्हणते. ए —

...

कोण आहे रे बाहेर पुढचं? ये आत. दार ओढून घे. आणि नाव सांग.