यंदाच्या हंगामाचं भाकीत, ताईंच्या ऐवजी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद घड्याळजी काका. यंदाच या शाळेत बदलून आलेल्या आणि आल्या आल्या आम्हाला मैदान वापरू देणाऱ्या मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावर बसायला अजिबात तयार नसलेल्या, पण आग्रहाने बसवलेल्या आमच्या सत्कारमूर्ती ताई, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेला टेकलेले भावोजी. चारही संघांचे खेळाडू, त्यांच्या घरची माणसं, आणि चहा आहे असं कळल्यामुळे आलेले शेजारीपाजारी. तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. जवळचं दिसतंय का, लांबचं दिसतंय का, एवढंच विचारणं माझं काम. पुढचं सांगणं हे माझं काम नव्हे. ते सतरा वर्षं ताईंनी केलं. हंगाम सुरू होण्याआधी याच चित्रकलेच्या वर्गात, याच बुटक्या बाकांसमोर उभं राहून कोणता संघ कुठे पोचेल हे त्या सांगायच्या. कोणाची भीड बाळगली नाही. एका वर्षी तर माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, ‘हिचा संघ अंतिम सामन्यात जाईल आणि हिच्याच घाईमुळे हरेल.’ मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग आम्ही अंतिम सामन्यात गेलो, आणि पुढचं काय झालं ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

यंदा चिटणीस म्हणाले, ताई सत्कारमूर्ती आहेत, त्यांना बोलायला लावणं बरं दिसत नाही, भाकीत तुम्ही सांगा. मी हो म्हटलं. हे हात दाखवून अवलक्षण आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मघाशी मुख्याध्यापिका बाईंनी मला हळूच विचारलं, ‘फ्रिस्बी म्हणजे कुत्र्याबरोबर खेळतात तेच ना?’ बाई, वस्तू तीच, आम्ही तिला डिस्क म्हणतो. पण आमच्या खेळात दोन्हीकडे सात-सात माणसं असतात. चार पुरुष, तीन बायका. डिस्क हातात असताना पळायचं नाही, फेकायची. समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी मोठ्याने दहा आकडे मोजतो, तेवढ्यात फेकली नाही तर डिस्क त्यांची. आणि पंच नसतो. चूक केली तर आपणच सांगायची. लहान मुलांना हे पटकन समजतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

तर आता संघ.

‘गच्ची’ हा संघ वयाने सगळ्यांत लहान. एकाच इमारतीतली पोरं-पोरी, गच्चीवर खेळून शिकलेली. पळतात असे की बघणाऱ्याला धाप लागते. पण तिसऱ्याच फेकीला गुण हवा असतो यांना. अरे, भात शिजेपर्यंत थांबता, तर तो निवेपर्यंत थांबा की. यंदा तिसरा क्रमांक. रुसू नका.

‘काटकोन’ हा नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीतला संघ. सगळं कागदावर आखून येतात. कोण कुठे पळणार, किती पावलं, सगळं ठरलेलं. वारा सुटला की मात्र यांचा कागद उडतो. तरी मागच्या वर्षीपेक्षा ते मोकळे खेळतायत, कारण त्यांच्या सराव सामन्याला ताई गेल्या होत्या आणि त्यांनी कागद मागून घेतला. परत दिला नाही. दुसरा क्रमांक.

‘दुसरी पाळी’ हा माझा संघ. छापखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या कामगारांनी सुरू केलेला, नऊ वर्षं मी त्याची कप्तान. दोनदा अंतिम सामना हरलो. यंदा मात्र आमच्याकडे सगळं जुळून आलंय. उंच उडीवाली पोस्टातली मुलगी आहे, दोघे जुळे भाऊ आहेत जे एकमेकांकडे न बघता फेकतात, आणि गुडघे सगळ्यांचेच शाबूत आहेत. दृष्ट लागू नये, पण कप यंदा यांचाच.

राहिला चौथा संघ. ‘ओले मोजे’. ताईंचा.

याच्याबद्दल बोलायचं तर थोडं मागे जावं लागेल. अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं जास्त घेते.

ताई पडदे शिवायच्या. त्यांचा उजवा हात शिलाईच्या यंत्रावर जेवढा सरळ चालायचा तेवढीच सरळ त्यांची फेक. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानात कापड बेतत असताना त्यांच्या हातातून कात्री पडली. उचलायला वाकल्या तर उजवी बाजू ऐकेना. पुढचे चार महिने दवाखाना, व्यायाम, आणि भिंतीला धरून चालणं. पाय बराचसा परत आला. हात आला नाही.

मी भेटायला जायचे. इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, खेळाचा विषय टाळायचे. एक दिवस त्याच म्हणाल्या, ‘तू काय सुतकाला आल्यासारखी बसतेस? डिस्क आण जरा.’ मी आणली. त्यांनी ती डाव्या हातात धरली आणि खिडकीतून बाहेर टाकली. म्हणजे टाकायची समोरच्या कपाटाकडे होती.

तिथून पुढे दीड वर्ष रोज सकाळी हे दोघं या मैदानावर असायचे. भावोजी लेथवर काम करतात, आठची पाळी. साडेसहाला येऊन उभे राहायचे. ताई डाव्या हाताने फेकायच्या, डिस्क कुठेतरी भरकटायची, भावोजी चालत जाऊन आणून द्यायचे. मी एकदा विचारलं, ‘भावोजी, कंटाळा येत नाही?’ ते म्हणाले, ‘येतो की. पण ती सकाळी उठते त्यासाठी.’ एवढंच. भावोजी, खाली बघू नका, तुम्ही बोललात ते बोललात.

चार वर्षांपूर्वी ताई परत सामन्यात उतरल्या. आमच्याचविरुद्ध. त्यांच्या हातात डिस्क आली आणि समोर मी होते. मला आकडे मोजायचे होते. मी मोजले, पण खरं सांगते, मला ते धड मोजवेनात. एक. मग बराच वेळाने दोन. पाचापर्यंत येताना एखाद्याचा चहा पिऊन झाला असता. ताईंनी डिस्क खाली ठेवली आणि खेळ थांबवला.

‘काय मोजतेयस?’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘आकडे.’

‘दया करायची असेल तर घरी ये, भांडी घासून दे. इथे नीट मोज.’

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. आणि बरंही वाटलं. मी नीट मोजलं. त्या दिवशी त्यांची डिस्क सहा वेळा आमच्याकडे आली आणि त्यांचा संघ तेरा-दोनने हरला. जाताना ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, डाव्या हाताने, आणि म्हणाल्या, ‘आता कसं खेळल्यासारखं वाटलं.’

त्यानंतर ओले मोजे दर वर्षी शेवटचे आले. पण दर वर्षी आले. ज्यांना कुठल्याच संघात घेत नाहीत अशी माणसं ताईंनी गोळा केली. बेकरीवाला आहे, त्याची पाठ वाकत नाही. ग्रंथपाल बाई आहेत, साठीच्या. आणि परिचारिका आहे, जी सामन्याच्या मधोमध समोरच्याचीच मुरगळलेली बोटं बांधायला बसते. ही माणसं रविवारची वाट बघतात. दुकानात चष्म्याचा नंबर काढायला येतात तेव्हा माझ्याशी याच्याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत.

आता ताई लेकीकडे चालल्या आहेत. लेकीचे दिवस भरत आलेत, जावई फिरतीवर, आणि तिथल्या कारखान्यात भावोजींना कामही मिळालंय. जायलाच हवं. आनंदाची गोष्ट आहे.

पण मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले, सामान बांधायला मदत करावी म्हणून. खोकी भिंतीला लावून ठेवली होती. भावोजी भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होते, आणि ताई खिडकीशी फोन घेऊन बसल्या होत्या. समोर कागद, कागदावर नावं, सगळ्या नावांवर काट. त्या गेल्या की ओल्या मोज्यांत दोनच बायका उरतात. तीन नसतील तर संघाची नोंदणीच होत नाही. मुदत मंगळवारची होती.

‘अकरा जणींना विचारलं,’ ताई म्हणाल्या. ‘कोणाचं मूल लहान, कोणाचा गुडघा, कोणाला सुट्टी नाही. कोणाचं चुकलं असंही नाही.’

मी म्हटलं, ‘मग काय होणार?’

‘काय व्हायचंय. बेकरीवाल्याला सांगायला हवं, तेवढं जमत नाहीये.’

मी कागद हातात घेतला. म्हटलं, ‘माझं नाव नाही यात.’

‘तुला मी विचारणार नाही.’

‘का?’

‘नऊ वर्षं थांबलीस कपासाठी. यंदा मिळतोय. वेडी आहेस का?’

मी खोक्यांना सुतळी बांधली, चार खोकी दाराशी नेऊन ठेवली, घरी गेले. सोमवारी दुकानात एका आजोबांना अक्षरं वाचायला लावली आणि ते काय वाचत होते ते मला ऐकूच येत नव्हतं. मला कप हवा आहे हो. खोटं कशाला बोलू? रात्री झोप नाही आली म्हणून नव्हे, चांगलं लख्ख उजेडात, जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी चिटणीसांकडे गेले आणि अर्ज भरला.

दुसऱ्या पाळीच्या मंडळींना मी काल सांगितलं. नवी कप्तान पोस्टातली मुलगी. जुळ्या भावांपैकी एक माझ्याशी बोलतोय, एक नाही. त्याचा राग रास्त आहे. ताईंना मात्र सांगितलं नव्हतं, त्या आत्ताच ऐकतायत.

ताई, थांबा, मध्ये बोलू नका. आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात, नियमाने तुम्हाला गप्प बसावं लागतं.

तर भाकीत पूर्ण करते. दुसरी पाळी जिंकेल, माझ्याशिवाय. काटकोन दुसरा, गच्ची तिसरी. ओले मोजे शेवटचे. माझी घाई, ग्रंथपाल बाईंचं वय आणि बेकरीवाल्याची पाठ, यातून दुसरं काही निघेल असं मला दिसत नाही. पण रविवारी सकाळी सात वाजता बेकरीवाला मैदानावर येईल तेव्हा त्याच्याबरोबर उभे राहायला आम्ही सहा जण असू.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाची, आणि वर्ग उघडून दिल्याबद्दल मुख्याध्यापिका बाईंची आभारी आहे. भावोजी, दीड वर्ष तुम्ही वेचून आणलेल्या त्या डिस्कबद्दल तुमचे आभार आजवर कोणी मानले नव्हते, ते मी सगळ्यांच्या वतीने मानते. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचा क्रमांक खाली लावला गेला असेल, तर पोटात घाला. आणि दुसऱ्या पाळीच्या माझ्या माणसांनो, तुमची माफी मी वेगळी मागते. आज नाही दिलीत तरी चालेल, हंगाम संपल्यावर द्या.

ताई, सांभाळून जा. नातवंड झालं की कळवा.