टाचा

सासू : ती बर्फातली कुऱ्हाड तिथं भिंतीला टेकवा आणि आल्या पावली परत जा.

जावई : चहा प्यायला आलो नाहीये मी, आई. उद्या सकाळी वरच्या निवाऱ्यात जाणार आहे.

सासू : आई म्हणू नका. मी माझ्या लेकीची आई आहे, तुमची नाही. आणि वर जाणार म्हणजे कसे? पंख फुटलेत?

जावई : चालत. बर्फाचा तो उतार आडवा ओलांडला की निवारा. सगळे जातात की.

सासू : सगळे मी पाठवले तर जातात. या गिर्यारोहण ठाण्याची गाइड मी आहे, आणि मी तुम्हाला पाठवत नाही. संपला विषय.

जावई : संपला कसा? परवा ती तिथूनच पलीकडच्या खोऱ्यात उतरतेय. तिकडे काम धरलंय तिनं. वर फोन लागत नाही. उद्या भेट झाली नाही तर बायको गेली माझी, कळतंय का तुम्हाला?

सासू : गेलेलीच आहे. तिचे बूट, तिचा दोर आणि तिच्या बापाची ही कुऱ्हाड जुन्या सामानवाल्याला देऊन आलात ना, त्याच दिवशी गेली. माणूस गेला माझा, त्याच्या हातातली एवढी एकच वस्तू पोरीपाशी होती. ती तुम्ही भंगारात घातलीत!

जावई : परत आणलीय ना! त्या दुकानदाराच्या हातापाया पडून आणलीय.

सासू : वा, केवढे उपकार! द्या इकडे, मी पोचवते.

जावई : नाही. तिच्या हातात मीच देणार.

सासू : मुळात दिलीतच का?

जावई : घाबरलो म्हणून! तिच्या खांद्याचं हाड मोडताना आवाज ऐकलाय मी. अजून झोपेत ऐकू येतो. आणि प्लास्टर निघालं नाही तोच बाईसाहेब म्हणतात, चल परत बर्फावर. मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या?

सासू : विचारायचं होतं. देवानं तोंड दिलंय ते माझ्याशी भांडायला फक्त?

जावई : आणि तुम्ही फार विचारलंत तिला! खांदा मोडला म्हणून पोटच्या पोरीला गाइडच्या कामावरून काढलं, वर नेऊन भांडी घासायला बसवलं. ती पलीकडे चाललीय ती काय एकट्या माझ्यामुळे?

सासू : खांदा मोडला म्हणून नाही काढलं. का काढलं ते तिला विचारा.

जावई : विचारायलाच चाललोय! तुम्हीच वाट अडवून बसलाय.

सासू : आवाज खाली. या ठाण्याचा एक नियम आहे. उतार ओलांडायचाय त्यानं आधी मागच्या टेकाडावर माझ्यासमोर घसरून दाखवायचं, आणि आपलं आपण थांबून दाखवायचं. थांबला तर जातो, नाही तर घरी. मग तो कुणी बडा साहेब असो नाही तर जावई.

जावई : तिच्याबरोबर गेलोय मी बर्फावर.

सासू : हो, आणि कसे खाली आलात ते डॉक्टरनं बघितलं. कपाळावरच्या टाक्यांची खूण काय मिरवायला ठेवलीय? चला मागं. आत्ताच होऊन जाऊ दे.

(ठाण्यामागचं टेकाड. ऊन कलायला लागलंय.)

सासू : बुटांचे क्रॅम्पॉन काढा. सरावाला ते खिळे नकोत, एखादा अडकला तर घोटा फिरेल. पण पाय मात्र वर धरायचे, खिळे लावलेलेच आहेत असं समजून. आता सांगा, खाली काय आहे?

जावई : बर्फ.

सासू : त्याच्या खाली?

जावई : सपाट मैदान.

सासू : म्हणून इथं शिकायचं. उद्याच्या उताराखाली काय आहे?

जावई : ... नाही बघितलं.

सासू : खडक आहेत. पहिलं पाऊल टाकायच्या आधी खाली बघायचं असतं, आपण सुटलो तर कुठं जाऊन पडू ते. तुम्ही लोक समोरची शिखरं बघता आणि फोटो काढता. कुऱ्हाड धरा. एक हात डोक्यावर. तुमच्या नाही हो, कुऱ्हाडीच्या! दुसरा दांड्याच्या टोकाशी. आता छातीशी आडवी. चोच, म्हणजे ते टोकदार पातं, खांद्यापाशी. घसरलात की चोचीच्या बाजूनं पालथं व्हायचं, चोच बर्फात दाबायची आणि तिच्यावर सगळा भार टाकायचा. गुडघे टेकलेले, पाय वर. बसा. सोडा अंग.

जावई : असंच? एकदम?

सासू : घसरणारा काय मुहूर्त काढतो? सोडा!

जावई : आ...

सासू : पालथे व्हा! पालथे! पाय वर! अहो पाय! ... गेलात मैदानापर्यंत. या वर.

जावई : कुऱ्हाड लागलीच नाही नीट.

सासू : कुऱ्हाड लावायच्या आधी टाचा रोवल्यात. खिळे असते ना, टाच अडकून कोलांटी खाल्ली असती. परत.

जावई : सासूबाई, जरा श्वास तरी...

सासू : खाली खडक असते तर श्वासाची कटकटच मिटली असती. परत!

जावई : जातोय!

सासू : वळ! वळ लवकर! पाय वर, अरे पाय वर म्हणते ना! परत टाचा! मुद्दाम करतोयस का माझ्याशी?

जावई : मुद्दाम? हौस आहे मला तोंडात बर्फ भरून घ्यायची? आपोआप जातात टाचा! जीव घाबरला की आधी टाचाच जातात. त्या दिवशीसुद्धा तेच झालं.

सासू : कुठल्या दिवशी?

जावई : कुठल्या म्हणजे? पडलो त्या दिवशी.

सासू : थांब. उठू नकोस. तिथंच बस आणि नीट सांग. त्या दिवशी कोण घसरलं?

जावई : मी. माहितीय की तुम्हाला.

सासू : मला नाही माहिती.

जावई : असं कसं? तिनं सांगितलं असेल ना...

सासू : तिनं सांगितलं, आई, मी घसरले. टाचा रोवल्या, उलटी झाले आणि दोरीला बांधलेला तोही माझ्यामागं आला. असं सांगितलं तिनं मला.

जावई : ती? टाचा?

सासू : चालायला लागल्यापासून बर्फावर वाढलेली पोर. ती टाचा रोवेल? आणि मी बाई ते खरं धरलं! हॉस्पिटलात तिच्या उशाशी उभी राहून म्हणाले, तुझ्या बापानं बघितलं असतं तर मान खाली घातली असती. प्लास्टर ओलं होतं तेव्हा तिचं. ... दोरी कुणी बांधली?

जावई : मीच. ती नको म्हणत होती. म्हणाली, बर्फात काहीतरी ठोकून त्यात दोर अडकवला नसेल तर दोर कुणाला वाचवत नाही, एक गेला की दोघं जातात. मी म्हटलं, मग दोघं जाऊ. मला वाटलं, काय छान बोललो.

सासू : गाढव आहेस.

जावई : हो.

सासू : हो म्हणून सुटू नकोस! उन्हं चढून बर्फ मऊ झाल्यावर गेलात, तेही तुझंच डोकं?

जावई : सकाळी मी उठलोच नाही लवकर.

सासू : आणि सगळं तिनं आपल्या अंगावर घेतलं. का पण? माझ्यापासून का लपवावं?

जावई : खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला परत दारात उभं केलं असतं?

सासू : तंगडं तोडून हातात दिलं असतं.

जावई : मग? म्हणून.

सासू : ... तिचं काम काढून घेतलं मी. परक्या पर्यटकांसमोर म्हणाले, हिच्या भरवशावर कुणी जायचं नाही. एक शब्द बोलली नाही कार्टी. कांदे चिरत राहिली.

जावई : मला काहीच बोलली नाही यातलं. मी रोज तिला सुनावत होतो, बर्फाचं नाव काढायचं नाही म्हणून.

सासू : ऊठ.

जावई : परत?

सासू : टाचा वर राहीपर्यंत. अंधार पडला तरी चालेल. तुझ्यासाठी नाही करत मी हे, समजलं? तू मला जराही आवडत नाहीस.

जावई : समजलं. सोडतोय अंग.

सासू : वळ! हां. दाब. दाब छातीनं! पाय... पाय तसेच ठेव!

जावई : थांबलो! सासूबाई, थांबलो!

सासू : नाचू नका. एकदा थांबलात म्हणजे शिकलात असं नाही. या वर. परत.

जावई : म्हणजे उद्या जाऊ देणार?

सासू : उजाडताच निघायचं. उताराला ऊन लागायच्या आत पलीकडे. त्या दिवशी सकाळी उठला नाहीत तसं झालं तर मी हाक मारणार नाही. मी पुढं पायऱ्या पाडीन, तुम्ही त्याच पायऱ्यांत पाय ठेवायचे. कुऱ्हाड डोंगराकडच्या हातात, ती रोवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आणि दोर नाही.

जावई : तुम्ही येताय? उद्या तर तुमचा गट नाही ना?

सासू : नाही.

जावई : मग मी शिकतो ना नीट. जाईन एकटा.

सासू : निवाऱ्याशी पोचलो की तुम्ही बाहेर थांबायचं. कुऱ्हाड घेऊन आत शिरायचं नाही. आधी मी बोलणार तिच्याशी.

जावई : बाहेर गारठून जाईन हो मी.

सासू : गारठा. मला वेळ लागेल.