दोन गाण्यांच्या मध्ये

लेक : पण तुम्ही भांडत नव्हतात, तर खालचे मास्तर वर का आले?

आई : तेच तर. आम्ही आज भाजी कुठली करायची ते ठरवत होतो.

लेक : एवढ्या मोठ्याने?

बाबा : नेहमीसारखंच बोलत होतो. तो बिचारा दारात हात जोडून उभा. म्हणे, ‘जाऊ द्या ना आजोबा, या वयात कशाला?’

आई : मी मागे तोंडाला पदर लावून हसत होते. त्याला वाटलं, रडतेय.

लेक : आई, इथे आल्यापासून ही तिसरी तक्रार.

बाबा : अगं, उभा जन्म त्या गाण्याच्या क्लबच्या डोक्यावर, वरच्या खोलीत काढला. खाली नुसता गलका. साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. ती सवय आता कुठे जाणार?

लेक : म्हणूनच तर इथे आणलं ना तुम्हाला, माझ्या घराजवळ. आज दुपारी तिकडची खोली बघायला माणसं येणार आहेत. विकायची की नाही, ते एकदाचं सांगा.

(दोघं एकमेकांकडे बघतात.)

आई : तुम्ही सांगा.

बाबा : तूच सांग. मी तोंड उघडलं तर मास्तर परत येईल.

आई : नाही विकायची.

लेक : अगं, तो काय राहायचा रस्ता आहे? क्लब, सिनेमाच्या पोस्टरची दुकानं, जिन्यात रंगवलेली तोंडं घेऊन फोटो काढत बसलेली पोरं.

आई : त्या पोरांचे सोंगाचे कपडे कोण शिवतं? कुणा राक्षसाची शेपटी तुटलेली असते, कुणा राजकन्येची चेन अडकलेली. आजी, आजी करत वर येतात. इथे साधी सुई मागायला कुणी आलं नाही.

लेक : बाबा, तुम्हाला तरी शांतता आवडते ना?

बाबा : क्लबच्या तिकिटाच्या खिडकीत बसून तिचीच तर वाट बघितली. पण इथे आमचं भांडण संपतच नाही गं.

लेक : म्हणजे?

बाबा : तिकडे गाणं चालू असलं की गप्पच बसायचं. काय बोलायचं ते दोन गाण्यांच्या मध्ये. हिने मला एक सुनावलं की पुढचं गाणं सुरू. माझं उत्तर तयार असायचं, पण गाणं संपेस्तोवर राग उतरायचा. मग मी एवढंच विचारायचो, चहा टाकू का?

आई : इथे यांना सगळी उत्तरं पुरी देता येतात. काल पार माझ्या माहेरापर्यंत पोचले.

लेक : हसू नका. मला भीती वाटते. तिकडच्या जिन्यावर कुणाचा पाय घसरला तर? जवळ असलात तर धावत येता येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

आई : कळतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून तर इतके दिवस बोललो नाही.

बाबा : जिन्याला कठडा बसवून घेतो. क्लबवाला ऐकतो माझं.

लेक : आणि रोज फोन करायचा.

आई : करू. खाली गाणं नसेल तेव्हा.

लेक : बरं. नाही विकायची, असं कळवते त्यांना.

आई : रागावलीस?

लेक : नाही. एक सांगू? लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून मी थंडीतसुद्धा पंखा लावून झोपते. घरात सांगते, मला उकडतं.

आई : आणि उकडत नाही?

लेक : नाही. आवाज नसला की झोपच येत नाही.

आई : मग शनिवारी तिकडे ये राहायला. तुझी गादी अजून खिडकीपाशीच आहे.