रजा काढून स्वतःच्याच ऑफिसात

...नाही, मला सांगा, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं भर उन्हात मैदानावर डावा-उजवा, डावा-उजवा करायचं, आणि ते कुणाच्या हुकमावर? तर पोटच्या पोरीच्या! हसा, हसा. तुमची पोरगी तुकडीप्रमुख नाहीये ना, मग हसायला तुमचं काय जातंय?

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. ऐन विशीत नोकरी लागली आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, तक्रारींच्या टेबलावर. शिक्षण किती म्हणून कुणी विचारलं की मी आपला म्हणायचो, ‘तसं झाल्यातच जमा आहे.’ मग लेक शेवटच्या वर्षाला गेली आणि आमची ही म्हणाली, “अहो, तुम्हीपण उरकून घ्या की! एकाच दिवशी दोघांना पदवी, काळे झगे घालून बापलेकीचा फोटो काढू.” नुसती म्हणून थांबली नाही, बाहेरच्या खोलीत मोक्याच्या जागी खिळा ठोकून मोकळी! फोटोचा पत्ता नाही, खिळा तयार. आता त्या खिळ्याकडे बघत माणसानं किती दिवस चहा प्यायचा? गेलो कॉलेजात. खिडकीतल्या कारकुनाला भीत भीत विचारलं, माझ्यासारख्याला प्रवेश मिळेल का हो? तर तो इतका गोड हसला, इतका गोड... म्हणाला, “काका, वयाची अट नाही!”

तिथंच संशय यायला हवा होता. अहो, मी स्वतः खिडकीमागचा माणूस. खिडकीतला माणूस हसला म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं, हे मला नाही तर कुणाला कळणार?

आणि राहिलंच होतं! परीक्षा जवळ आल्यावर फळ्यावर नोटीस लागली... नागरी आणि राष्ट्रसेवा प्रशिक्षण, सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचं, साठ तास, वहीत प्रत्येक तासाची सही, वही अपुरी तर निकाल राखून ठेवणार. पुन्हा खिडकी. म्हटलं, “अहो, हे पोट बघा, हे गुडघे बघा, ही राष्ट्राची सेवा होईल का? राष्ट्रालाच माझी सेवा करावी लागेल!” तो तसाच गोड हसला. “काका, वयाची अट नाही!”

बरं, लेकीनं हे प्रशिक्षण पहिल्याच वर्षी उरकलेलं, मला वाटलं होतं हौसेनं करतेय, वर पहिली आलेली, म्हणून आता तीच आमची तुकडीप्रमुख. घरी काय अवतार असतो माहितीये? “बाबाऽऽ, माझे मोजे कुठेत?” वीस वर्षांची घोडी, समोर पडलेले मोजे दिसत नाहीत. आणि मैदानावर? तीस पावलांवरून माझी ढिली गुंडी दिसायची! “क्रमांक सत्तेचाळीस, पोट आत!” मी म्हटलं, “अगं, आत घेतलेलंच आहे...” “रांगेत बोलायचं नाही!” शाळेत जायला नको म्हणून खांबाला मिठी मारून बसणारी पोर ही, हिला मी कडेवर घेऊन शाळेच्या दारात नेऊन सोडायचो. आणि खरं सांगू? तिचा तो आवाज, ती ताठ मान बघून मला इतकं भरून यायचं, की डावा कुठला आणि उजवा कुठला हेच विसरायला व्हायचं. मग पुन्हा ओरडा!

प्रथमोपचाराच्या दिवशी स्ट्रेचरवर निजवायला एक बेशुद्ध माणूस हवा होता. मी लगेच हात वर केला. म्हटलं, चला, आज तास पडल्या पडल्या भरतोय. चार पोरांनी उचललं... आणि तिघांनी सोडलं! घरी आल्यावर लेक पाणी तापवून पाठ शेकत बसली, डोळे भरलेले, नाक लाल. मी म्हटलं, “जाऊ दे गं, कंबर आहे जागेवर.” तर म्हणते, “बाबा, उद्या पाच मिनिटं जरी उशीर झाला ना, तर मी तास धरणार नाही हं.” शेकता शेकता! याला माया म्हणायचं की शिस्त, तुम्हीच ठरवा.

असे चोपन्न तास भरले. राहिले सहा. शेवटचा दिवस नागरी सेवेचा. एखाद्या सरकारी ऑफिसात जायचं, तिथं येणाऱ्या एका नागरिकाचं बोट धरायचं, त्याची एक तक्रार टेबलामागून टेबल फिरून शेवटाला न्यायची, आणि काम झालं की वहीत त्याची सही घ्यायची. संध्याकाळी पाचच्या आत. कुणाला कुठलं ऑफिस हे लेकच ठरवणार... आणि मला दिलं पाणीपुरवठ्याचं! माझंच!

“अगं, मी तिथं नोकरीला आहे!”

“नियम घराजवळचं ऑफिस देण्याचा आहे, बाबा. स्वतःचं ऑफिस वगळून, असं कुठे लिहिलंय?”

ऑफिसात साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, कामाचे तास सेवेत धरता येणार नाहीत, तुम्ही रजा टाका. म्हणजे बघा हं... मी माझ्याच ऑफिसला जायला, माझ्याच ऑफिसातून, रजा काढली! साहेबांनासुद्धा एकदा वर बघून विचारावं लागलं, “कारण काय लिहू?” मी म्हटलं, “राष्ट्रसेवा.” ते म्हणाले, “मग एरवी इथं काय करता?”

तर गेलो. डोक्यावर निळी टोपी, छातीवर बिल्ला, ‘प्रशिक्षणार्थी’. माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण बसतो, आम्ही त्याला टाचणी म्हणतो, बोलणं बारीक आणि बरोबर टोचणारं. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “नवीन दिसताय. या, या. काही अडलं तर विचारा हं, लाजू नका.” दहा वर्षांपूर्वी या माणसाला पोच लिहायला मी शिकवलं! पण काय करता... सेवेलाही वयाची अट नाही!

आणि दारातच मला आजी भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद, कागदाला दुसरे कागद. त्यांच्या गल्लीत आठ महिने नळाला पाणी नाही. शेवटच्या चौकातला व्हॉल्व्ह बिघडलेला, तो बदलायच्या हुकमावर एक सही हवी, बस्स. सत्तरीच्या बाई रोज दोन बादल्या लांबच्या नळावरून आणतायत. मी म्हटलं, आजी, काळजी सोडा, आज काम झाल्याशिवाय हलायचं नाही. अहो, ऑफिस माझ्या हातावरच्या रेषांसारखं पाठ! आवक टेबल, नकाशाची खोली, तपासणीचा शेरा, पुन्हा आवक... सगळीकडे रांगेत उभा राहिलो, कुठेही वशिला नाही, आणि तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की आमच्या ऑफिसात रांगेतल्या माणसाला टेकायला साधा बाकसुद्धा नाही. आजी भिंतीला टेकून उभ्या. कंबर माझीही गेलेली. मीही भिंतीला.

साडेतीनला शेवटच्या टेबलाशी पोचलो. टाचणीनं पुस्तक उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, “ही फाइल संबंधित कर्मचाऱ्याकडे आहे. संबंधित कर्मचारी रजेवर आहेत.”

मी विचारलं, “कोण संबंधित कर्मचारी?”

त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. माझ्या! आणि गालातल्या गालात हसला, चोर. फाइल माझ्या कप्प्यात, कप्प्याला कुलूप, किल्ली माझ्याच खिशात! माझ्या टेबलाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा नियम कुणाचा? तोही माझाच!

आजी म्हणाल्या, “नसायचाच तो. असला तरी नसल्यासारखाच. अकरा वेळा आले मी. मान वर करत नाही मेला. खाली बघत बघतच म्हणतो, ‘उद्या या.’ तोंड नाही बघितलं हो कधी, नुसतं टक्कल ओळखते मी त्याचं.”

मी टोपी घट्ट ओढली. कानापर्यंत.

आता पेच बघा. मी रजेवर, म्हणून सही करता येत नाही. रजा रद्द करून सही करावी, तर मी कामावर धरला जाणार, म्हणजे आजचे सहा तास बाद, प्रशिक्षण अपुरं, निकाल राखीव, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या तासापासून साठ! टाचणी, माणूस टोचरा पण मनाचा बरा, कानाशी आला. “अरे, आजीकडून वहीत सही घे आणि मोकळा हो. फाइल होईल उद्या सकाळी. कुणाला कळतंय?” आणि आजी? आजींनी ते ऐकलं आणि चष्मा शोधायला लागल्या! “आण ती वही, करते सही. दिवसभर माझ्यासाठी पाय मोडलेस बाबा. माझं होईल उद्या... नाहीतर परवा. तुझं तरी होऊ दे.”

वही पुढे केली मी. खोटं कशाला बोलू? केली पुढे. डोळ्यांसमोर झगा, फोटो, खिळा, सगळं येऊन गेलं. आजींनी पेन टेकवलं. आणि ते ‘उद्या’... अहो, तो शब्द माझा होता हो! अकरा वेळा मीच दिला होता त्यांना, खाली बघत बघत. बारावा द्यायला जीभ वळेना. वही ओढून घेतली, सरळ साहेबांच्या खोलीत गेलो, म्हटलं, रजा रद्द करा. आलो, टोपी काढली, खुर्चीत बसलो, कप्पा उघडला आणि सही करायला मान खाली घातली.

“अगं बाई!” आजी ओरडल्या. “हे तर तेच!”

मी कान पाडून बसलो, म्हटलं, आता पिशवी डोक्यात बसणार. पण नाही. आजी चष्मा सारखा करून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “चेहरा बरा आहे की! मग लपवत कशाला होतास?”

हुकूम लाइनमनच्या हातात दिला, आजींना माझा फोन नंबर लिहून दिला, चार वाजता दोघं गेलीसुद्धा. आणि पावणेपाचला दारात कोण? आमची तुकडीप्रमुख! हातात हजेरीवही, तपासणीला. मी खुर्चीत, टोपी टेबलावर, समोर दुसऱ्याच कुणाची तरी तक्रार. ती कडक आवाजात म्हणाली, “क्रमांक सत्तेचाळीस कुठे आहे?”

मी म्हटलं, “तो... आज आला होता. अर्ध्यात गेला.”

तिनं टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टाचणीनं पाय ओढत जाऊन तिला सगळं सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आजी. ‘ऐक रे,’ म्हणाल्या आणि फोन नळाशी धरला. खळखळ, खळखळ! मी तो लेकीच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. ओठ हलत होते तिचे, पण तुकडीप्रमुखाला रांगेसमोर रडता येत नाही ना.

मला वाटलं, आता तरी विरघळेल. बाप आहे, पाणी आणलंय, लिहील ‘हजर’. हो, आशा वाटली! कशी लिहील? ती काय माझ्यासारखी खाली बघून काम करणारी आहे? रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तिनं हजेरीवही माझ्यापुढे ठेवली, बाजूला बसली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. तिची पदवी या वर्षी. माझी पुढच्या. पुन्हा साठ तास, पुन्हा मैदान, पुन्हा डावा-उजवा, खिडकीतला तो तर हसायला टपूनच बसलाय, वयाची अट नाही म्हणे! वाईट वाटलं मला, उगाच कशाला लपवू? झग्यातला फोटो एकटीचाच निघणार.

पण वहीतली ती ओळ मी चारचारदा वाचली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं तिनं... ‘क्रमांक सत्तेचाळीस. गैरहजर. कारण : कामावर होता.’

तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण हा माणूस कामावर होता असं लेखी पहिल्यांदाच कुणीतरी दिलं... आणि तेही नेमकं गैरहजेरीच्या रकान्यात!