नदीवाचून काय अडतं

आम्हा कोकणातल्या माणसांना मानी म्हणता ना, मग हे ऐकाच. आमच्या खेडकडच्या नदीला तेव्हा कारखान्यांच्या पाण्याचा वास यायला लागला होता. पाणी शुद्ध करायला खर्च किती आणि त्याचा लोकांना फायदा किती, हे ठरवण्यासाठी पुण्याची एक मुलगी घरोघर फिरत होती. तिने आमच्या काकूला विचारलं, “नदी खराब झाल्यामुळे तुमचं काय अडतं?”

परक्यापुढे रडगाणं गाणं काकूच्या रक्तात नाही. “आमचं काय अडायचंय? घरची विहीर आहे,” असं म्हणून वर तिने त्या मुलीला कोकम सरबत पाजलं. अख्ख्या वाडीने हेच उत्तर दिलं. पुढे कळलं, आमच्या भागात फायद्यापेक्षा खर्चच जास्त ठरला. काम बारगळलं.

मग भाद्रपद आला. आमच्याकडे खड्यांची गौर असते. सवाष्णीने नदीवर जायचं, तिथल्या पाण्याची चूळ तोंडात धरायची आणि खडे घेऊन घरापर्यंत मुक्याने यायचं. घंटा वाजवत मी काकूबरोबर होतो. तिने ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि सोडून दिली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. शेवटी नुसतेच खडे उचलले आणि ओठ घट्ट मिटून चालू लागली.

घरी गौर पाटावर बसवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मगच माझ्याकडे वळली.

“त्या पोरीला कळव रे,” काकू म्हणाली. “म्हणावं, अडतं.”