बाबांच्या वाटीतले दाणे

आई : तो डबा टाकू नकोस. आधी सांग.

मुलगी : काय सांगू?

आई : प्रयोगशाळेत दिवसभर हेच बघतेस ना? बुरशीचं विष, लिव्हरच्या पेशी. मग सांग, बाबा लिव्हरच्या दुखण्यानं गेले, ते या शेंगदाण्यांनी का?

मुलगी : आई, जेवून घे आधी.

आई : भूक नाही. बुरशी फडक्यानं पुसून भाजायचे मी. खवट असतील ते हे आपल्या वाटीत ओढायचे. "मला दगडसुद्धा पचतो," म्हणायचे. तीस वर्षं हेच.

मुलगी : पुसून, भाजून ते विष पुरतं जात नाही.

आई : मग मी कशी ठणठणीत? त्यांच्या वाटीतले मीही तोंडात टाकायचे.

मुलगी : पेशीभोवती पातळ, तेलकट आवरण असतं. विषाला त्यातूनच आत शिरावं लागतं. मी दोन बश्यांत पेशी ठेवते. विष दोन्हींत सारखंच. एकीतल्या पेशींच्या आवरणातली चरबी तेवढी मी बदलते. एका बशीतल्या तगतात, दुसरीतल्या दोन दिवसांत खलास.

आई : म्हणजे यांचं आवरण कच्चं होतं?

मुलगी : मला बशीतलं कळतं गं. माणसाचं नाही सांगता येत. त्यांना कावीळही होऊन गेली होती. दाण्यांनीच झालं असं म्हणता येत नाही. नाही झालं, असंही नाही.

आई : दहा दिवस झाले. रडूच येत नाही मला.

मुलगी : मलाही नाही. काल कामावर गेले, बश्या तपासल्या, घरी आले.

आई : माझ्या हातून गेले, एवढंच डोक्यात फिरतंय.

मुलगी : तू एकटी नाहीस.

आई : म्हणजे?

मुलगी : दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मी इथे आले होते. बाबा याच खुर्चीत वाटी घेऊन बसले होते. हिरवट दाणे दिसले मला.

आई : मग?

मुलगी : तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. बोलत बोलत मी बाहेर गेले. परत आले तर वाटी रिकामी. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

आई : आठवतंय मला. वाटी हातात धरून बसले होते बराच वेळ. म्हणाले, "लेकीला विचारू या का, हे चालतात का?"

मुलगी : मग विचारलं का नाही?

आई : तू फोनवर होतीस.